पाण्यातील लेशमात्र विषे ओळखणारा प्रकाश

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण या मार्गाने खाडीस मिळते. वाटेत कल्याणजवळ तिला वालधुनी येऊन मिळते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे या खोऱ्यात डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. रोजगार वाढला, परंतु सांडपाण्याचा भार नद्या, नाले व विहिरी यांवर पडला. 2014 साली उल्हासनगर येथे वालधुनीच्या पात्रात रसायने सोडली गेल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने या दोन नद्यांच्या प्रदूषणाविषयी निर्णय देऊन संबंधित संस्थांना दंड ठोठावला.

वालधुनीतील ते विष वासाने कळले. पण ज्या विषाला रंग, वास व चव यांपैकी काहीच नाही, ते कसे ओळखावयाचे? सोनारपाडा, गोळवली यांसारख्या औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांतील कुटुंबांना आणि नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. त्यासाठी उपयोगी पडणारे एक साधन म्हणजे प्रतिदीप्तीवर चालणारा, हातात नेता येण्याजोगा संवेदक होय.

लेशमात्र म्हणजे किती?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात पारा 0.001 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.003 मिलिग्रॅम आणि शिसे व आर्सेनिक प्रत्येकी 0.01 मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पारा केवळ दहा मिलिग्रॅम असला, तरी ही मर्यादा गाठली जाते. एवढे अल्प विष एका दिवसात माणसाला आजारी पाडीत नाही. ते वर्षानुवर्षे शरीरात साठत जाते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीत साठला व ती खाणाऱ्या कोळी कुटुंबांत मज्जातंतूंचा भयंकर रोग पसरला. तो रोग 1956 साली उजेडात आला. त्याआधी कित्येक वर्षे तेथील समुद्राचे पाणी लोकांना नेहमीसारखेच दिसत होते.

प्रतिदीप्ती म्हणजे काय?

काही पदार्थांवर डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पडले असता ते पदार्थ स्वतः दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ती म्हणतात. 1852 साली स्टोक्स या शास्त्रज्ञाने या गुणधर्माची शास्त्रशुद्ध मांडणी केली. याचा अनुभव घरीही घेता येतो. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळावी, गाळ खाली बसू द्यावा आणि अंधारात दुकानदाराकडील नोटा तपासण्याचा दिवा वरच्या पाण्यावर धरावा. पिवळे द्रव हिरवट तेजाने चमकू लागते. भुईमुगाच्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन या विषाच्या ‘बी’ व ‘जी’ या जाती तर जंबुपार प्रकाशात दिसणाऱ्या निळ्या व हिरव्या तेजावरूनच ओळखल्या गेल्या.

पाण्यातील पारा किंवा शिसे स्वतः असे चमकत नाहीत. म्हणून पाण्यात एक खास द्रव्य घालावे लागते. विष नसताना हे द्रव्य मंद असते. विषाचा कण त्यास चिकटला की त्याची रचना बदलते व ते चमकू लागते. रोडामाइन जातीच्या रंगापासून पाऱ्यासाठी अशी द्रव्ये तयार करण्यात आली आहेत. काही द्रव्यांचे वागणे याच्या उलट असते. ती मुळात चमकतात व विष मिळताच विझतात. यंत्रात एक छोटा दिवा, पाण्याची नळी, ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणारी काच व प्रकाश मोजणारा भाग असतो. चमक किती आहे हे आकड्यात उमटते.

हे तत्त्व प्रत्यक्ष वापरात आलेले आहे. पाण्यातील युरेनियम मोजण्यासाठी इंदूर येथे बनलेली प्रतिदीप्तीमापक यंत्रे आपल्या देशात वापरली जातात. मैलापाण्याची खूण असणारा ई. कोलाय हा जंतू ओळखण्यासाठीही असेच द्रव्य मिळते; नमुना सुमारे एक दिवस उबेत ठेवल्यावर तो दिव्याखाली निळा दिसला, तर जंतू आहेत असे समजावे. पारा, शिसे यांसाठीची पुष्कळ द्रव्ये मात्र अजून प्रयोगशाळांतच पारखली जात आहेत. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी ते कोणत्या विषासाठी आहे व मानकातील मर्यादेपर्यंत मोजू शकते काय, हे अवश्य विचारावे.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या संचात क्षार, फ्लोराइड, नायट्रेट अशा घटकांची परीक्षा होते. पाऱ्यासारख्या लेशमात्र विषांची सामान्यतः होत नाही. म्हणून संचाने पाणी चांगले ठरविले, तरी औद्योगिक वसाहतीजवळच्या विहिरीबाबत तेवढ्यावर थांबू नये.

चार कुप्यांची पद्धत

संवेदकाचा आकडा एकटा कधीही खरा मानू नये. पुढीलप्रमाणे चार कुप्या शेजारी ठेवाव्यात.

1. ऊर्ध्वपातित शुद्ध पाणी व द्रव्य.
2. विहिरीचे पाणी, द्रव्य न घालता.
3. विहिरीचे पाणी व द्रव्य.
4. विहिरीचे पाणी, द्रव्य व त्याच विषाचे संचासोबत आलेले ठरावीक प्रमाण.

पहिली कुपी तुलनेसाठी आहे. दुसरी कुपी द्रव्यावाचून चमकली, तर पाण्यात आधीच दुसरे काही चमकणारे आहे. कुजलेल्या पाल्याचा अर्क असा चमकतो. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या भुकटीत घातलेले द्रव्यही निळे चमकते. निळी चमक दिसल्यास घरगुती सांडपाणी विहिरीत झिरपते काय, हे पाहावे.

चौथी कुपी सर्वांत महत्त्वाची होय. तीत आपण जाणूनबुजून विष घातलेले असते, म्हणून तिचा आकडा बदललाच पाहिजे. तो बदलला नाही, तर पाण्यातील लोह, तांबे किंवा गढूळपणा संवेदकास आंधळा करीत आहे असे समजावे. अशा वेळी तिसऱ्या कुपीत काही दिसले नाही, याचा अर्थ पाणी निर्दोष आहे असा मुळीच नव्हे. तपासणीनंतर हे पाणी ओढ्यात किंवा शेतात ओतू नये. झाकणाच्या बाटलीत साठवून प्रयोगशाळेकडे द्यावे. दिव्याकडे थेट पाहू नये.

नमुना केव्हा व कसा घ्यावा?

सांडपाणी रोज सारखे वाहत नाही व पावसात ते विरळ होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, पहिल्या पावसानंतर आणि पाण्याचा रंग किंवा वास बदलल्यास लगेच, असे वेगवेगळ्या वेळी नमुने घ्यावेत. बोअरवेलचा पंप दहा मिनिटे चालवून मग पाणी भरावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. मात्र जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली व धातूंसाठी प्रयोगशाळेने दिलेली आम्लयुक्त बाटली विसळू नये. ठिकाण, तारीख व वेळ बाटलीवर लिहावी. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

दोष आढळल्यास

संवेदकाने विष दाखविले, तर ते पाणी पिणे व स्वयंपाकास वापरणे ताबडतोब थांबवावे, विहिरीवर तशी पाटी लावावी व ग्रामपंचायतीस किंवा महापालिकेस लेखी कळवावे. नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासही कळवावे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कोणावर दोषारोप करू नये. त्याचबरोबर अहवाल येईपर्यंत ते पाणीही पिऊ नये.

पाणी उकळल्याने जंतू मरतात; पारा, शिसे, कॅडमियम मात्र जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी किंवा क्लोरीन यांच्या घरगुती वापरावरही विसंबू नये. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम मुळांवाटे पानांत घेते. ती धुतल्याने आतील विष निघत नाही. म्हणून संशयित पाणी भाजीस देणे बंद करावे.

गावातील जलसुरक्षकाने प्रत्येक विहिरीसाठी एक वही ठेवून चारही कुप्यांचे आकडे तारखेनिशी लिहावेत. एका दिवसाचा आकडा संशय दाखवितो. वर्षभराची वही पाणी कोठून व केव्हा बिघडते हे दाखविते, आणि तक्रारीच्या वेळी तीच गावाच्या बाजूने बोलते.