रंग, मानक आणि परसातील कोंबडी : ‘हरिणघाटा ब्लॅक’च्या निमित्ताने

ग्रामीण भारतात परसातील कोंबडी ही गरीब कुटुंबाची, विशेषतः त्या घरातील स्त्रीची, हाताशी असलेली बचत असते. आजारपण, शाळेची फी किंवा सणवार आला की दोन कोंबड्या विकून वेळ निभावता येते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व अन्य कुक्कुटपक्ष्यांची संख्या 85.18 कोटी होती. त्यांपैकी 31.7 कोटी पक्षी परसातील होते. 2012 च्या तुलनेत एकूण संख्येत सुमारे 17 टक्के वाढ झाली, तर परसातील पक्ष्यांत ती सुमारे 46 टक्के होती. पश्चिम बंगालमध्ये 7.73 कोटी आणि महाराष्ट्रात 7.43 कोटी पक्षी नोंदले गेले.

या क्षेत्राच्या अर्थकारणात पिसांचा रंग ही वरकरणी किरकोळ वाटणारी बाब प्रत्यक्षात महत्त्वाची ठरते. शहरातील ग्राहक पांढऱ्या ब्रॉयलरपेक्षा रंगीत ‘देशी’ पक्ष्याला अधिक भाव देतो. पक्षी देशी आहे की नाही हे तो प्रामुख्याने रंगावरूनच ठरवतो. साहजिकच एखाद्या जातीत विशिष्ट रंग स्थिर करावा किंवा नवा रंगप्रकार तयार करावा, असा विचार पैदासकार करतात. असे करण्यासाठी नेमके काय करावे लागते, त्याची किंमत कोण मोजतो आणि लाभ कोणाला होतो, याचा विचार कोलकात्याजवळील ‘हरिणघाटा ब्लॅक’ या जातीच्या आधारे करता येईल.

कोलकात्याचा वारसा

कोंबडीच्या रंगाचा आणि वंशाचा शास्त्रीय अभ्यास व कोलकाता यांचा संबंध जुना आहे. एडवर्ड ब्लाइथ हे 1841 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून रुजू झाले. भारतातील पाळीव प्राण्यांविषयीची माहिती ते चार्ल्स डार्विन यांना पत्रांद्वारे पुरवीत असत. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, या मताला त्यांच्या निरीक्षणांचा आधार मिळाला. डार्विन यांनी 1868 च्या आपल्या ग्रंथात स्वतः केलेल्या संकरांचे वर्णन दिले आहे. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी रेशमी पिसांची कोंबडी यांच्या संततीतील एका नराच्या पिसाऱ्यात पुढे रानकोंबड्याचे रंग उमटले. आईबापांपैकी कोणातही न दिसणारा रंग संततीत प्रकट झाला. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, ही म्हण आनुवंशिकतेलाही लागू पडते.

बेलगाछिया येथे 1893 मध्ये सुरू झालेल्या बंगाल पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे या शहरात पशुविज्ञानाची परंपरा रुजली. 1995 मध्ये त्यातूनच पश्चिम बंगाल पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आकारास आले. कोलकात्याच्या उत्तरेला नदिया जिल्ह्यात असलेले हरिणघाटा हे स्वातंत्र्यानंतर राजधानीला दूध पुरवणारे केंद्र म्हणून नावारूपास आले. काळ्या पिसांची, लाल एकेरी तुऱ्याची व लहान चणीची तेथील कोंबडी आज राष्ट्रीय नोंदणीत ‘हरिणघाटा ब्लॅक’ या नावाने समाविष्ट आहे.

मानक म्हणजे काय?

जातीचे मानक म्हणजे त्या जातीच्या पक्ष्याचे आकारमान, तुरा, पाय, त्वचा व पिसांचा रंग यांचे लेखी वर्णन. अशी मानके दोन प्रकारे तयार होतात.

पहिला प्रकार प्रदर्शनांचा. ब्रिटनमध्ये 1865 मध्ये आणि अमेरिकेत 1874 मध्ये कोंबड्यांच्या जातींची मानके ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. येथे आधी आदर्श ठरतो आणि मग पक्षी त्याच्याकडे नेला जातो. ‘ब्रह्मा’ या जातीचे उदाहरण बोलके आहे. ब्रह्मपुत्रा नदीवरून नाव मिळालेली ही जात घडली मात्र अमेरिकेत. शांघायहून गेलेले पक्षी आणि चितगावच्या बाजूचे थोराड पक्षी यांच्या संकरातून ती आली, असे मानले जाते. तिच्या फिक्या व गडद या दोन प्रकारांना अमेरिकी मानकात 1874 मध्येच स्थान मिळाले. बदामी रंगाच्या तिसऱ्या प्रकाराला मात्र 1924 पर्यंत वाट पाहावी लागली. तेथे नव्या रंगप्रकाराला मान्यता मिळवायची तर किमान पाच पैदासकारांनी निदान पाच वर्षे त्याची पैदास केलेली असावी लागते आणि संततीतील निम्मे वा अधिक पक्षी वर्णनाबरहुकूम निपजावे लागतात.

दुसरा प्रकार भारतातील जातिनोंदणीचा. हे काम 1984 मध्ये स्थापन झालेला, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो पाहतो. येथे क्रम नेमका उलट आहे. पक्षी आधीपासून एखाद्या भागातील कुटुंबांकडे असतो. त्याची मोजमापे घेऊन, त्याचे वेगळेपण तपासून वर्णन नंतर लिहिले जाते. म्हणजे प्रदर्शनाचे मानक पक्ष्याने कसे असावे हे सांगते, तर नोंदणीचे मानक तो कसा आहे हे सांगते. महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरील, नंदुरबार परिसरातील ‘बुसरा’ ही नोंदणीकृत जात मिश्र रंगांची आहे. तिची ओळख एका रंगावर अवलंबून नाही. हरिणघाटा ब्लॅकची ओळख मात्र तिच्या नावातच रंगाशी बांधली गेली आहे. त्यामुळे रंगाच्या आनुवंशिकतेचा प्रश्न तेथे अधिक निकडीचा ठरतो.

रंगाचे गणित

प्रत्येक पक्ष्याला रंगाची जनुके आईकडून एक व बापाकडून एक अशी जोडीने मिळतात. संपूर्ण काळा रंग देणारे जनुक बहुतांशी प्रभावी असते. म्हणजे जोडीतील एकच जनुक काळे असले तरी पक्षी साधारणपणे काळा दिसतो. दुसरे, अप्रभावी जनुक आत दडून राहते.

समजा, एखाद्या काळ्या कळपात दर शंभर पिल्लांमागे एक पिल्लू तपकिरी निघते. वरवर पाहता कळप 99 टक्के शुद्ध आहे. परंतु लोकसंख्या-आनुवंशिकीच्या नियमानुसार या कळपात तपकिरी जनुकाचे प्रमाण 10 टक्के असते आणि सुमारे 18 टक्के पक्षी काळे दिसूनही ते जनुक वाहून नेत असतात. प्रत्येक पिढीत तपकिरी पिल्ले काढून टाकत राहिले, तरी जनुकाचे प्रमाण 10 वरून 5 टक्क्यांवर येण्यास दहा पिढ्या लागतात. केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर निवड करण्याची ही मर्यादा आहे.

यावर उपाय म्हणजे चाचणी-संकर. संशयित काळ्या कोंबड्याचा तपकिरी कोंबड्यांशी संयोग घडवावा. तो तपकिरी जनुकाचा वाहक असेल, तर निम्मी पिल्ले तपकिरी निघण्याची अपेक्षा असते. सलग सात पिल्ले काळी निघाली, तर तो वाहक असण्याची शंका जवळजवळ फिटते; कारण वाहकाकडून असे घडण्याची शक्यता 128 मध्ये 1, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी असते. एका नराचा निर्णय एका उबवणीत होऊ शकतो. मात्र त्यासाठी स्वतंत्र खुराडे, अंड्यांवर खुणा आणि नोंदवही लागते.

नवा रंग आणायचा असेल, तर काम अधिक दीर्घ होते. काळ्या जातीत निळसर राखाडी प्रकार निर्माण करायचा आहे असे मानू. हे जनुक दुसऱ्या जातीकडून आणावे लागेल. पहिल्या संकरात निम्मा वंश परका असतो. निळसर संततीचा मूळ काळ्या जातीशी पुन्हापुन्हा संकर केल्यास परक्या वंशाचा वाटा 25, 12.5, 6.25 टक्के असा उतरत जातो. साधारणपणे वर्षाला एक पिढी धरली, तर चार वर्षांनीही सुमारे सहा टक्के वाटा उरतो. त्यानंतरही निळसर रंग पूर्णपणे स्थिर होत नाही. दोन निळसर पक्ष्यांच्या संततीत सरासरीने एक चतुर्थांश पिल्ले काळी, निम्मी निळसर आणि एक चतुर्थांश मळकट पांढऱ्यावर गडद शिंतोडे असलेली निघतात. ‘शुद्ध निळसर’ कळप हे म्हणूनच न गाठता येणारे उद्दिष्ट आहे.

एकसारखेपणाची किंमत

रंग लवकर स्थिर करण्यासाठी पैदासकार थोड्याच निवडक नरांचा वापर करतो. त्यामुळे नात्यातील पक्ष्यांचा संयोग वाढतो. निकट प्रजननाचा वेग काढण्याचे सूत्र परिचित आहे. पाच नर व पन्नास माद्या असलेल्या बंदिस्त कळपात तो दर पिढीला सुमारे 2.75 टक्के असतो. वीस नर व शंभर माद्या असतील, तर तो 0.75 टक्क्यावर येतो. संवर्धनाच्या कामात एक टक्क्याची मर्यादा सर्वसाधारणपणे मान्य केली जाते. मर्यादा ओलांडल्यास उबवणक्षमता घटते, पिल्लांची मरतूक वाढते आणि कळपाचा काटकपणा कमी होतो. येथे नरांची संख्या निर्णायक असते. माद्या दुप्पट करण्यापेक्षा नर दुप्पट करणे अधिक गुणकारी ठरते.

दुसरी किंमत संधीची आहे. समजा, पैदासकाराने रंग, तुरा आणि पायांचा रंग या तीन परस्परस्वतंत्र कसोट्या लावल्या आणि प्रत्येकीत निम्मे पक्षी उतरले, तर आठांतील एकच पक्षी उरतो. अंडी, वजन किंवा रोगप्रतिकार यांसाठी निवड करण्यास मग वावच राहत नाही. परसातील स्त्रीला हवे असते ते वेगळेच. कोंबडी खुडूक बसावी, पिल्ले सांभाळावीत, उकिरड्यावर व शेताच्या बांधावर स्वतःचे अन्न शोधावे आणि घारीपासून जीव वाचवावा, या तिच्या अपेक्षा असतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ग्रामीण भागासाठी विकसित केलेल्या ‘वनराजा’ या पक्ष्याला रंगीत पिसारा ठेवण्यामागे भक्षकांपासून बचाव आणि ग्राहकाची पसंती या दोन्ही बाबी होत्या. तेथे रंग हा उपयोगाचा एक भाग आहे. उपयोगाची जागा त्याने घेतलेली नाही.

बाजार आणि विश्वास

रंगावर ओळख उभी राहिली की अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न उद्भवतो. विक्रेत्याला मालाचा खरा दर्जा माहीत आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात निकृष्ट माल उत्तम मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. काळ्या कोंबडीच्या बाबतीत धोका उघड आहे. काळे जनुक प्रभावी असल्यामुळे परदेशी काळ्या जातीशी झालेल्या संकराची संततीही काळीच दिसते. ती ‘हरिणघाटा ब्लॅक’ म्हणून विकली गेली, तर केवळ पिसांवरून ग्राहकाला फसवणूक ओळखता येणार नाही. संकरित पक्षी लवकर वजन धरत असेल, तर उत्पादन-खर्चाच्या स्पर्धेत अस्सल पक्षी मागे पडेल. नाव टिकेल, जात मात्र संपेल.

झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. अशा नोंदणीमुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळते. परंतु विक्रीला येणारा प्रत्येक पक्षी त्या नावाचा आहे याची हमी नोंदीच देऊ शकतात. बाजारातील विश्वास वंशाच्या नोंदींतून निर्माण होतो. पिसांचा रंग त्या विश्वासाची केवळ पहिली खूण आहे.

धोरणाची दिशा

या विवेचनातून चार बाबी पुढे येतात. पहिली, हरिणघाटा ब्लॅकसारख्या जातीचे मूळ कळप एकाच शासकीय केंद्रावर न ठेवता अनेक गावांतील महिला बचत गटांकडेही विभागून ठेवावेत. गटांमध्ये दरवर्षी ठरावीक क्रमाने नरांची अदलाबदल केल्यास निकट प्रजनन रोखता येते. एखाद्या ठिकाणी रोगाची साथ आली, तरी संपूर्ण जात धोक्यात येत नाही.

दुसरी, पंखाला क्रमांकाची पट्टी आणि साधी नोंदवही यांचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. जातीचे संवर्धन हे सार्वजनिक हित आहे. त्याचा संपूर्ण खर्च दोन-चार कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबावर टाकणे न्याय्य नाही. 2021-22 मध्ये पुनर्रचित करण्यात आलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुट उद्योजकांना 50 टक्के व कमाल 25 लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. ती उद्योजकाच्या उपयोगाची आहे. दहा कोंबड्या पाळणाऱ्या जतनकर्तीचा विचार त्याच्या जोडीने व्हायला हवा.

तिसरी, मानकात रंगाबरोबरच खुडूकपणा, उबवण आणि पिल्लांची जगणूक या गुणांनाही स्थान असावे. चौथी, नव्या रंगप्रकाराचे प्रयोग जरूर व्हावेत, परंतु ते वेगळ्या कळपात व वेगळ्या नावाने. मूळ कळपात प्रयोग करणे म्हणजे पेरणीसाठी राखलेले बियाणे दळणाला काढणे होय.

समारोप

पिसांचा रंग ही बाजाराची स्वस्त आणि सोयीची भाषा आहे. तिचा उपयोग करून ग्रामीण कुटुंबाला अधिक भाव मिळत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र मानक हे जातीच्या रक्षणाचे साधन आहे, याचा विसर पडता कामा नये. हरिणघाट्याची काळी कोंबडी तिच्या काळेपणामुळे ओळखली जाते. ती टिकून राहिली आहे ती उकिरड्यावर पोट भरण्याच्या आणि स्वतःची पिल्ले स्वतः वाढवण्याच्या गुणामुळे. पैदासीच्या नोंदवहीत रंगाचा रकाना असावाच. पण त्याच्या शेजारी अंडी किती दिली, पिल्ले किती जगली आणि त्यातून घरात किती पैसे आले, हे रकानेही भरलेले असावेत.