लाखेच्या तबकडीचा वक्र

रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणाऱ्या लहानशा डबीतून, जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा संदेश बाहेर पडतो आणि कोणत्याही सामान्य ॲम्प्लिफायरला साधारण त्याच्या शंभरपट संदेश लागतो. ही वाढ करणाऱ्या, आणि ती करताना रेकॉर्ड कापतेवेळी मुद्दाम बदललेला आवाजाचा तोल पूर्ववत करणाऱ्या मंडलाला फोनो प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. हे मंडल तयार विकत मिळत असताना ते घरी बांधण्याचा खटाटोप का करावा, या प्रश्नाला हौस आणि काटकसर ही दोन उत्तरे नेहमी दिली जातात. परंतु कोल्हापूरच्या श्रोत्यापुरते तिसरे उत्तर अधिक वजनदार आहे. बहुतेक तयार पेट्यांत हा तोल पूर्ववत करणारा एकच वक्र बसवलेला असतो, आणि या शहराशी जोडलेल्या गायकीचा फार मोठा ठेवा त्या वक्राच्या जन्माआधीच्या तबकड्यांवर आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, १९०८ मध्ये तेथेच सियालदहचा रेकॉर्ड कारखाना सुरू झाला, १९२५ पासून भोंग्यापुढे गाण्याची पद्धत मागे पडून मायक्रोफोनद्वारे विद्युत मुद्रण रूढ होऊ लागले, १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली आणि १९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकी संघटनेचा वक्र ठरला, जो पुढे जगभर प्रमाण मानला गेला.

वक्राची गरज खाचेच्या भूमितीतून निर्माण होते. खर्जातील स्वर जसाच्या तसा कापला तर खाच इतकी रुंद झुलते, की शेजारच्या खाचेत शिरण्याची भीती असते. उलट तारसप्तकातील बारीक नाद इतके क्षीण उमटतात, की ते तबकडीच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून कापताना खर्ज दाबला जातो, तार चढवली जाते आणि वाजवताना प्रीॲम्प्लिफायरने नेमके उलटे करायचे असते. १००० हर्ट्झ हा मध्य धरला, तर आरआयएए वक्रानुसार २० हर्ट्झला सुमारे १९.३ डेसिबल उचल आणि २०,००० हर्ट्झला सुमारे १९.६ डेसिबल घट द्यावी लागते. हा सारा वक्र ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन काळांकांनी बांधलेला आहे. काळांक म्हणजे रेझिस्टर आणि कंडेन्सर यांच्या मूल्यांचा गुणाकार, ज्यावरून मंडल कोणत्या कंपनसंख्येला वळण घेणार ते ठरते.

या विषयातील खरी गोडी इथेच आहे, कारण तीन काळांकांचे हे गणित अवघ्या चार सुट्या भागांत मावते. एक रेझिस्टर व एक कंडेन्सर समांतर जोडावेत, तशीच दुसरी जोडी करावी, दोन्ही जोड्या एकापुढे एक ठेवून आयसीच्या, म्हणजे एका तुकड्यात मावणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, निर्गमापासून त्याच्या ऋण टोकापर्यंत लावाव्यात, म्हणजे प्रतिपोषणाचा (फीडबॅकचा) मार्ग तयार होतो. पहिल्या जोडीत ११८ किलोओहम आणि २७ नॅनोफॅरड, दुसरीत १० किलोओहम आणि ७.५ नॅनोफॅरड अशी मूल्ये घेतली, तर पहिला गुणाकार ३१८६ आणि दुसरा बरोबर ७५ येतो; तिसरा काळांक, ज्यासाठी वेगळा भागच नाही, तो दोन्ही जोड्यांच्या एकत्र परिणामातून आपोआप ३१८ निघतो. ११८ किलोओहमसाठी १०० आणि १८ किलोओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडता येतात, तर ७.५ नॅनोफॅरडसाठी ६.८ व ०.६८ नॅनोफॅरडचे कंडेन्सर समांतर लावले तरी काम भागते. ऋण टोकापासून जमिनीकडे १३० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठेवला, की १००० हर्ट्झला शंभरपट वाढ मिळते. हा मोठा कंडेन्सर गाळण्याचा मोह टाळावा, कारण तो नसेल तर आयसीमधील किंचितसा स्थिर व्होल्टेज दोषही जवळजवळ हजारपट होऊन बाहेर येतो.

आयसी म्हणून एनई ५५३२ हा जुना, स्वस्त आणि कमी खरखर करणारा भाग पुरेसा आहे. त्याच्या एका तुकड्यात दोन ॲम्प्लिफायर असल्याने डावी व उजवी अशा दोन्ही वाहिन्या एकाच आयसीत बसतात. कार्ट्रिज चुंबक हलणाऱ्या जातीची असेल, तर तिच्यासमोर ४७ किलोओहमचा भार हवा. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म जातीचे घ्यावेत. वक्र घडवणाऱ्या जागी चकतीच्या आकाराचे सिरॅमिक कंडेन्सर मात्र वापरू नयेत, कारण त्यांचे मूल्य तापमानाने व व्होल्टेजने सरकते. तिथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन हवेत, आणि शक्य असल्यास जास्तीचे आणून मीटरवर मोजून दोन्ही वाहिन्यांसाठी जुळे निवडावेत. महागड्या तारा आणि सोनेरी सॉकेट यांवर होणाऱ्या खर्चापेक्षा या मोजणीत घालवलेली संध्याकाळ आवाजाला अधिक उपकारक ठरते.

येथवरचे मंडल लाँग प्ले रेकॉर्डसाठी निर्दोष आहे. गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या उत्तरायुष्यातील रेकॉर्डी त्यावर समाधानाने ऐकाव्यात. परंतु मन्सूर ज्यांच्याकडे शिकले ते मंजीखाँ आणि भुर्जीखाँ हे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र, आणि खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असल्यामुळे जयपूर-अत्रौली घराण्याचे कोल्हापूर हे जणू माहेर झाले. १८८३ साली स्थापन झालेला येथील संगीताचा देवल क्लब या परंपरेचा साक्षीदार आहे. खुद्द अल्लादियाखाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांची पेचदार गायकी कानी पडते ती शिष्यपरिवारातून, आणि त्यातही केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या, तीन-सव्वातीन मिनिटांच्या, लाखेच्या तबकड्यांतून.

या तबकड्या आरआयएए वक्रावर वाजवणे हा केसरबाईंवर अन्याय आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीचा वक्र निराळा असे. एचएमव्हीच्या विद्युत मुद्रणासाठी साधारणपणे २५० हर्ट्झखाली खर्ज उचलावा आणि तारेला हात लावू नये, असा वक्र धरला जातो. आरआयएए मात्र ५००० हर्ट्झला ८.२ डेसिबल घट करतो, त्यामुळे आकाराची धार आणि तानेतील दाणा बोथट होतो. शिवाय १०० हर्ट्झला जवळजवळ ५ डेसिबल जास्तीची उचल मिळून डग्गा घुमू लागतो. जुनी रेकॉर्ड आहे म्हणून आवाज कोंदट येतो, या समजुतीत पुष्कळदा दोष तबकडीचा नसून वक्राचा असतो.

घरी बांधलेल्या मंडलात यावरचा उपाय एका बटणाचा आहे. बटण फिरवल्यावर ७.५ नॅनोफॅरडचा कंडेन्सर सुटावा आणि २७ नॅनोफॅरडला समांतर आणखी ४२ नॅनोफॅरड, म्हणजे २७ व १५ची जोडी, लागावी. असे केले की वळण नेमके २५० हर्ट्झच्या आसपास येते, तारेतील घट नाहीशी होते आणि वाढ सुमारे ८० पट राहते. फिरवण्याआधी आवाज पूर्ण उतरवावा, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. दुसऱ्या बटणाने दोन्ही वाहिन्या एकत्र कराव्यात, कारण या तबकड्यांत आवाज केवळ आडव्या हालचालीत असतो, आणि वाहिन्या जुळल्या की खाचेच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर परस्पर कटते.

केसरबाईंचा विषय निघाल्यावर व्हॉएजर या अवकाशयानांचा उल्लेख टाळता येत नाही. गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या, बालपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडे शिकलेल्या या गायिकेची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली अवकाशात गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर आहे. मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई पाठवलेली आहे. प्रीॲम्प्लिफायर मात्र ज्याचा त्याने बांधायचा आहे!

पृथ्वीवर बांधणाऱ्याचा मोठा शत्रू गुणगुण हा आहे. घरातील वीज ५० हर्ट्झची, आणि आरआयएए वक्र त्याच ठिकाणी १७ डेसिबलची उचल देतो, म्हणजे तेथील एकूण वाढ सातशेपटीच्या घरात जाते. म्हणून १५-०-१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि अर्थिंग यांसह, निराळ्या पेटीत हातभर दूर ठेवावा, ७८१५ व ७९१५ हे रेग्युलेटर वापरून वीज स्थिर करावी, आणि जमिनीच्या सर्व तारा एकाच बिंदूला आणून प्लेअरची अर्थची तार पेटीच्या स्क्रूला कसावी. पेटीसाठी ॲल्युमिनियम देखणे दिसते, परंतु ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे लोखंडी पत्राच हवा, आणि शिवाजी उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत ज्या शहरात आहे तिथे पत्रा मोडून, भोके पाडून घेणे हे काही अवघड काम नव्हे. व्हॉल्व्ह वापरावा की आयसी, या वादात शिरण्याआधी ही गुणगुण शून्यावर आणलेली असावी. ती असताना दोन्ही पक्ष सारखेच वाईट वाजतात.

ज्यांच्या घरी माळ्यावर ७८च्या तबकड्या पडून असतील, त्यांनी प्रथम सुई बदलावी, कारण त्यांच्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते आणि लाँग प्लेची बारीक सुई तळाला घासत राहते. पावसाळ्यात धरलेली बुरशी स्पिरिटने कधीही पुसू नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेही जाते. मऊ ओल्या फडक्याने पुसावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि मगच बटण ७८वर फिरवून ऐकावे.