जपानला जायचंय? आधी ४६ अक्षरे गिरवा

जपानात शेतीकामाला जाता येतं का, अशी विचारणा तरुण मुलं करतात. जपानने २०१९ साली परदेशी कुशल कामगारांसाठी नवा परवाना सुरू केला, त्यात शेतीही आहे. भारताशी तसा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यासाठी कामाच्या परीक्षेबरोबर जपानी भाषेचीही परीक्षा पास व्हावी लागते. तेव्हा एजंटाला पैसे मोजण्याआधी किंवा शेत गहाण टाकण्याआधी मुलाने घरीच हिरागाना लिपी लिहून पाहावी. खर्च फक्त एका चौकटीच्या वहीचा.

बाराखडी आपल्या ओळखीची

मूळ अक्षरे ४६. क्रम आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. पुढे स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी. या मांडणीचं मूळ संस्कृत वर्णमालेत आहे, त्यामुळे पाठांतर आपल्याला जड जात नाही. 'का'च्या डोक्यावर उजवीकडे दोन बारीक रेघा दिल्या की 'गा' होतो. 'हा'ला तशाच रेघा दिल्या की 'बा', आणि बारीक गोल दिला की 'पा'.

गिरवायचं कसं?

आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं. हिरागानाला शिरोरेघ नाही, अक्षर चौकटीच्या मधोमध बसवायचं. रेघ वरून खाली, डावीकडून उजवीकडे ओढावी, आणि रेघांचा क्रम मोडू नये. सुरुवात एका रेघेच्या अक्षरांपासून करावी. 'शि' मासे धरायच्या गळासारखा, 'कु' कोपरात वाकवलेल्या हातासारखा, 'हे' बुटक्या टेकडीसारखा. छापील 'कि' आणि 'सा' यांत खालचा बाक बहुधा जोडलेला दिसतो, हाताने लिहिताना तो सुटा काढतात. हे माहीत नसलं की पोरगं गोंधळतं.

परीक्षेत तर पर्याय निवडायचे असतात, मग लिहायचं कशाला? तर सारखी दिसणारी अक्षरं नुसती बघून ध्यानात राहत नाहीत. 'ने', 'रे' आणि 'वा' यांची सुरुवात एकच. शेवटी गाठ मारली की 'ने', रेघ बाहेर झटकली की 'रे', आत वळवली की 'वा'. हा फरक हाताला कळला की डोळाही चुकत नाही. अक्षराशेजारी देवनागरी उच्चार लिहायची सवय मात्र लवकर सोडावी, नाहीतर डोळा तिकडेच जातो.

हिरागाना ही पहिली पायरी आहे. पुढे परदेशी शब्दांसाठी काताकाना आणि चित्राक्षरांची कांजी आहे. जपानी मुलंसुद्धा पहिलीत हिरागाना शिकून ८० कांजी शिकतात. म्हणून घाई करू नये, रोज पाच अक्षरे पुरेत.

ग्रामपंचायतीने संध्याकाळी वाचनालयाची खोली उघडून दिली तर चार मुलं एकत्र बसतील. न बघता ४६ अक्षरे लिहिता आली, की मग वर्गाच्या फीचा विचार करावा. आठ दिवसांत वही कोपऱ्यात पडली, तरी निदान शेत गहाण पडलेलं नसेल.