स्पॅनिश भाषेतील क्षमायाचनेचे प्रयोग

परभाषेतील शिष्टाचाराचे शब्द विद्यार्थ्यास सर्वांत आधी शिकविले जातात आणि सर्वांत उशिरा उमगतात. महाराष्ट्रात स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी ती बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकतो. ‘सॉरी’ या एका शब्दासमोर ‘लो सिएन्तो’ हा एक प्रयोग लिहून ठेवला की त्याचे समाधान होते. पुढे वाटेत एखाद्या अनोळखी गृहस्थास थांबवून रस्ता विचारताना तो ‘लो सिएन्तो’ म्हणतो, आणि ऐकणारा गोंधळतो. कारण काही घडण्यापूर्वीच हा मनुष्य कशाचे दुःख करीत आहे, हे त्यास कळत नाही.

‘लो सिएन्तो’ याचा शब्दशः अर्थ ‘मला ते जाणवते’ एवढाच. ‘लो’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम, आणि ‘सिएन्तो’ हे ‘सेन्तीर’ या धातूचे प्रथमपुरुषी रूप. या वाक्यात अपराधाचा उल्लेख नाही, अपराध्याचा नाही, आणि समोरच्या माणसाकडे कोणतीही मागणीही नाही. म्हणूनच ते मृताच्या आप्तांचे सांत्वन करताना चालते, आणि दुकान बंद झाल्याचे गिऱ्हाइकास सांगतानाही चालते. बोलणारा आपल्या मनाची अवस्था निवेदन करतो. ऐकणाऱ्याने काही करावे असे नाही.

‘पेर्दोन’ या शब्दाची जात निराळी. ‘पेर्दोनार’ हा धातू उत्तरकालीन लॅटिनमधील ‘पेर्दोनारे’ या रूपापासून आला असून त्याच्या पोटी ‘दान’ हीच कल्पना आहे. कर्ज माफ करण्यासही स्पॅनिशमध्ये हाच धातू लागतो. ख्रिस्ती प्रभुप्रार्थनेच्या स्पॅनिश पाठात ‘ऋणे’ या अर्थाचा शब्द दीर्घकाळ होता. १९८८ साली स्वीकारलेल्या समान पाठात त्याच्या जागी ‘अपराध’ या अर्थाचा शब्द आला, परंतु धातू तोच राहिला. ‘पेर्दोन’ मागणारा स्वतःस ऋणको ठरवितो आणि सुटकेचा अधिकार समोरच्याच्या हाती देतो. अर्थात गर्दीत धक्का लागला असता पुटपुटलेल्या ‘पेर्दोन’मध्ये एवढा आशय कोणी शोधू नये; वापराने शब्द झिजतात. वाट काढून पुढे जाण्यापूर्वी अमेरिका खंडातील स्पॅनिश भाषक ‘कोन पेर्मिसो’, म्हणजे ‘परवानगीने’, असे म्हणतात, तेही याच झिजलेल्या नाण्यांपैकी होय.

तिसरा शब्द ‘दिस्कुल्पा’. ‘कुल्पा’ म्हणजे दोष; तो दूर सारणे म्हणजे ‘दिस्कुल्पार’. येथे एक तार्किक अडचण उद्भवते. ‘दिस्कुल्पा’ म्हणजे दोष दूर करणारे कारण असा अर्थ घेतला, तर ते कारण अपराध्याजवळच असते. त्याने ते द्यावयाचे, मागावयाचे नव्हे. या न्यायाने ‘पेदीर दिस्कुल्पास’, म्हणजे ‘दिस्कुल्पा मागणे’, हा प्रयोग चुकीचा ठरावा, आणि शुद्धतेचे आग्रही तसे म्हणतातही. परंतु ‘मला दोषमुक्त समजा अशी विनंती करणे’ या अर्थाने तो सुशिक्षितांच्या बोलण्यात व लेखनात इतका रुळला आहे की त्यास आता अशुद्ध म्हणणे हा केवळ हट्ट होय. मेक्सिकोत मात्र ‘दिस्कुल्पा’ अर्पण करण्याचीच रीत अधिक आढळते.

क्रियापदाच्या अंत्य स्वरावर येथे बरेच अवलंबून असते. स्नेह्यास ‘पेर्दोना’, वडीलधाऱ्यास अथवा अनोळखी माणसास ‘पेर्दोने’. ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा अपभ्रंश असल्यामुळे त्यास तृतीयपुरुषी रूप लागते. ‘साहेबांनी क्षमा करावी’ ही रचना परिचित असलेल्या मराठी वाचकास यात नवल वाटू नये. आर्जेंटिनात ‘तू’ ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम रूढ असल्याने ‘पेर्दोना’ मधील आघात शेवटच्या स्वरावर जातो. कोलंबियात ‘के पेना कोन उस्तेद’ असे म्हणतात. ‘पेना’ या शब्दाचा अर्थ स्पेनमध्ये दुःख, तर तेथे संकोच किंवा लाज. तेव्हा ‘आपणापुढे मला किती लाजिरवाणे वाटते!’ असा त्याचा भाव होतो.

क्षमायाचनेस बहुधा जोडून येणारी एक रचना व्याकरणदृष्ट्या विशेष लक्षणीय आहे. ‘रोम्पी एल बासो’ म्हणजे ‘मी पेला फोडला’. परंतु अपराधी मनुष्य म्हणतो, ‘से मे रोम्पियो एल बासो’. येथे पेला हा कर्ता होतो, ‘से’मुळे क्रिया आपोआप घडल्यासारखी भासते, आणि बोलणारा ‘मे’ या चतुर्थीच्या रूपात बाजूस उभा राहतो. हे इंग्रजीतून समजावून देताना व्याकरणकारांची बरीच पृष्ठे खर्ची पडतात. मराठीत ‘माझ्या हातून पेला फुटला’ एवढे म्हटले की काम भागते. मराठी अध्यापकांनी ही सोय वाया घालवू नये.

या भेदांचे महत्त्व खरे जाणवते ते सार्वजनिक जीवनात. देश आर्थिक संकटात असताना बोट्स्वानातील शिकारीच्या सहलीवर गेल्याबद्दल टीका झाल्यावर स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी १८ एप्रिल २०१२ रोजी माद्रिदच्या रुग्णालयातून बाहेर पडताना अकरा शब्द उच्चारले. त्यांचा आशय असा: मला फार वाईट वाटते, माझी चूक झाली, असे पुन्हा घडणार नाही. राजाने असे बोलणे अपूर्वच होते. तथापि त्यात ‘लो सिएन्तो’ आहे, ‘पेर्दोन’ नाही. आणि ‘पुन्हा घडणार नाही’ या वाक्यात करणारा कोणीच नाही.

मेक्सिकोचे तत्कालीन अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी २०१९ साली स्पेनच्या राजास पत्र लिहून विजयकाळातील अत्याचारांबद्दल मूळ रहिवाशांकडे ‘पेर्दोन’ मागण्याची सूचना केली, तेव्हा स्पेनच्या शासनाने ती ठामपणे नाकारली. २०२१ मध्ये ओब्रादोर यांनी मेक्सिकोच्या वतीने माया लोकांपुढे स्वतःच क्षमायाचनेचा समारंभ केला. समारंभाच्या नावात ‘पेर्दोन’ होते, भाषणात मात्र ‘दिस्कुल्पास’ अर्पण केल्या गेल्या. पुढे २०२५ मध्ये स्पेनचे परराष्ट्रमंत्री होसे मानुएल आल्बारेस यांनी मूळ रहिवाशांवर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि त्यासाठी ‘लामेन्तार’ हा धातू योजला. ‘लामेन्तार’ म्हणजे खेद करणे. मराठी वृत्तपत्रे ‘दिलगिरी व्यक्त केली’ आणि ‘माफी मागितली’ यांत जे अंतर राखतात, तेच येथेही आहे. मेक्सिकोच्या अध्यक्षा क्लाउदिया शेनबाम यांनी या उद्गाराचे स्वागत केले, ते पहिले पाऊल म्हणून.