फौजेचा काटा आणि आपली मुले

आपल्या रामाकोना, सौंसर, पांढुर्णा भागातील पुष्कळ मुले फौजेत जाण्याचे मनात धरून असतात. कोणी अग्निवीर होऊ पाहतो, कोणी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा अर्ज भरतो. मे 2025 मध्ये प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. सबब हा विषय आता मुलींच्या आईबापांचाही झाला आहे. लेखी परीक्षेविषयी सांगणारे गावात चारजण भेटतात. शरीराविषयी मात्र ऐकीव गोष्टीच फार, आणि त्यांपायी धडधाकट पोरे काट्यावरून परत येतात. म्हणून हे चार शब्द.

मध्यप्रदेशातील उमेदवारास शिपाई भरतीसाठी साधारणतः 168 सेंटिमीटर उंची लागते. छाती 77 सेंटिमीटर असून श्वास भरल्यावर ती निदान 5 सेंटिमीटर फुगावी लागते. उंची आपल्या हाती नाही; छातीचा फुगाव थोडासा, तर वजन बरेचसे आपल्या हाती असते. वजन उंचीच्या व वयाच्या मानाने पाहतात आणि त्याचे कोष्टक जाहिरातीबरोबर असते. ते हाती नसेल तर घरच्याघरी अदमास घेता येतो. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागावे. उत्तर साडेअठरा ते पंचवीसच्या दरम्यान यावे. 168 सेंटिमीटरच्या मुलास हे सुमारे 52 ते 70 किलो होते. अखेरचा शब्द अर्थात कोष्टकाचाच.

फौजेला वजनाची एवढी काळजी कशाला, असे एखाद्या आजोबांना वाटेल. कारण हिशोबाचे आहे. पाठीवर 20 किलोचे ओझे दिले, तर 50 किलोच्या जवानावर त्याच्या वजनाचा दोन पंचमांश भार पडतो. 70 किलोच्या जवानावर तो तीन दशांशाहूनही कमी असतो. म्हणजे काटकुळेपणा चालत नाही. उलट चरबीचे वजन हे उतरवून ठेवता न येणारे ओझे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि नव्या रंगरुटांची नडगीची हाडे त्यानेच दुखावतात.

आता जे करू नये त्याविषयी. मोजणीच्या आदल्या दिवशी पाणी तोडणे, घोंगडी पांघरून घाम काढणे, लघवीच्या गोळ्या घेणे, हे प्रकार आम्ही ऐकतो. त्याने उतरते ते पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढेच त्यातले रहस्य! शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले की दम कमी पडतो. मग काट्यावर उतरलेला मुलगा धावण्यात मागे राहतो, आणि आपल्या वैशाखातल्या उन्हात तो नुसता मागेच राहील असेही नाही. व्यायामशाळेत मिळणाऱ्या सुया व पुड्या यांविषयी तर बोलूच नये. त्या देणाऱ्यास मुलाच्या यकृताची पर्वा नसते.

खरे उतरते ते आठवड्यास अर्धा किलो, फार तर थोडे अधिक. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. रोज 500 कमी केल्या तर पंधरा दिवसांत तो किलो जातो. गोड चहाचे फेरे, भजी, शेव-चिवडा यांना रजा द्यावी. भाकर-वरणास देऊ नये. वजन वाढवायचे असेल त्याला बाजारचे डबे नकोत. 100 ग्रॅम चण्यांत 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शेंगदाण्यांत त्याहून जास्त, सोयाबीनमध्ये 35 हून अधिक. हे सारे आपल्याच शेतात पिकते. त्याच्या जोडीला दूध, चालत असेल तर अंडी, आणि संत्री तर आपल्या दारात आहेत.

अग्निवीराच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्यास पूर्ण 60 गुण, आणि दांडीवर दहा वेळा छाती वर नेणाऱ्यास 40. म्हणजे 400 मीटरचा प्रत्येक फेरा साडेब्याऐंशी सेकंदांचा. बहुतेक मुले पहिला फेरा सत्तर सेकंदांत मारून टाळ्या घेतात आणि तिसऱ्यात बसतात. घड्याळ लावून एकसारखा फेरा मारणे ही शिकण्याची गोष्ट आहे. तीनचार महिने आधी लागावे, सूर्य वर येण्यापूर्वी धावावे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी.

आपल्या भागापुरती एक गोष्ट अधिक महत्त्वाची, ती सिकलसेलची. नागपूरच्या बाजूस हा रक्तदोष असल्याचे 1958 पासून वैद्यकात नोंदलेले आहे, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथे सुरू झाली. ज्यास हा दोष फक्त एका पालकाकडून आला, तो एरवी निरोगी दिसतो. परंतु अमेरिकन फौजेत 1977 ते 1981 या काळात अशा कृष्णवर्णीय रंगरुटांत कष्टाच्या वेळी अचानक मृत्यूचे प्रमाण इतर कृष्णवर्णीय रंगरुटांपेक्षा सुमारे 28 पट आढळले. पुढे पाणी, विश्रांती व उन्हाची काळजी घेण्याची शिस्त लागली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र जास्तच होता. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे आणि दोष निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच धावावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. सोयरीक जुळवतानाही नसावे.

कित्येकांचे डोळे याहून वर, पॅराशूट रेजिमेंटच्या लाल टोपीकडे असतात. त्या रेजिमेंटची दुसरी पलटण मूळची मराठा. हीच 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईल येथे विमानांतून उतरली. तेथे स्वखुशीने येणाऱ्यांचीच पारख होते, आणि पुष्कळ जण परत पाठवले जातात. त्या पोरांनीही प्रथम वर सांगितलेला साधा फेरा साधावा.

वैद्यकीय तपासणीत वजनाखेरीज सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, रंगांधळेपणा, मूळव्याध, फुगलेल्या शिरा आणि (हसू नये) कानातला मळ यांवरही मुले अडतात. मळ घरी काडीने काढू नये, डॉक्टरांकडून काढवावा. अधिकारी-निवडीत तात्पुरता अपात्र ठरलेल्यास साधारणतः 42 दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येते. आठवड्यास अर्धा किलो धरला तर तेवढ्यात तीन किलो उतरतात. ती मुदत मिळालेल्या कागदावर लिहिलेली असते. निराश मुलगा तो कागद रागाने फाडून टाकण्याआधी घरच्यांनी आपल्या हाती घ्यावा.