फॉइलमध्ये गुंडाळलेली कुपी

डीएनए आमच्याकडे कापसाच्या पुंजक्यासारखा येतो. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला, पांढरा, चिमट्याने उचलला की तंतू लोंबतात. बफरमध्ये टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे सकाळी चिकटसर द्राव तयार असतो. घाईघाईने घुसळलं तर लांब साखळ्या तुटतात.

दुसरी कुपी फॉइलमध्ये गुंडाळलेली असते. तिच्यात आम्ही बनवलेला नारिंगी रेणू: अ‍ॅझोबेंझीन. बेंझीनची दोन कडी, मधे दोन नायट्रोजन अणूंचा सांधा, आणि डीएनएच्या ऋणभाराकडे ओढ राहावी म्हणून टोकाला जोडलेली धनभाराची शेपटी. अंधारात रेणू सपाट असतो आणि डीएनएच्या दोन पायऱ्यांमध्ये शिरतो. त्याला जागा द्यायला पायऱ्या सुमारे 3.4 अँगस्ट्रॉमनी फाकतात. 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की तो सांध्यापाशी वाकतो आणि फटीत मावेनासा होतो. निळ्या प्रकाशाने परत सरळ.

प्रकाशाने अ‍ॅझोबेंझीन वाकतं हे रसायनशास्त्रज्ञ हार्टली यांनी 1937 मध्ये दाखवलं. त्याआधी शंभर वर्षं ते रसायन माहीत होतं, तरी. मला याचं नवल वाटत नाही. माझ्या पहिल्या महिन्यातली मोजमापं अशीच वाया गेली: कुपी खिडकीपाशी उघडी राहायची आणि सकाळचे आकडे दुपारी जुळायचे नाहीत. तेव्हापासून पिपेट हातात घेण्याआधी पडदे ओढायचे आणि लाल दिवा लावायचा.

खरी गंमत सीडी, म्हणजे सर्क्युलर डायक्रोइझम, यंत्रावर दिसते. ते उजव्या आणि डाव्या पिळाच्या प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजतं. आमच्या रेणूला स्वतःचा पीळ नाही, म्हणून एकटा असताना रेघ सपाट. डीएनए मिसळला की 300 नॅनोमीटरच्या पुढे, जिथे डीएनए स्वतः गप्प असतो, तिथे रेघ फुगते. पिळदार डीएनएच्या कुशीत शिरल्यामुळे त्यालाही पीळ लाभलेला असतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी यंत्रासमोरून उठलेच नाही.

मग क्युव्हेटवर अतिनील एलईडी धरायचा. फुगवटा बसतो, पण पुरता कधीच नाही. या रेणूला प्रकाशाचं बटण म्हणतात, ते मला पटत नाही. काही रेणू सरळच राहतात, निळ्या दिव्याखाली काही वाकलेलेच. प्रकाशाने हलतं ते प्रमाण. म्हणूनच नागोयाच्या हिरोयुकी असानुमा यांची वाट मला मोलाची वाटते. रेणू द्रावात मोकळा सोडण्याऐवजी त्यांनी तो डीएनएच्या धाग्यातच ओवला. तो सरळ असला की दोन धागे घट्ट राहतात, वाकला की सहज सुटतात.

काल तिसरी फेरी केली. अतिनील, निळा, पुन्हा अतिनील, पुन्हा निळा. शेवटची रेघ पहिलीच्या किंचित खाली थांबली. ती वहीत चिकटवली, कुपीवर नवी फॉइल चढवली आणि मगच पडदा सरकवला.