संगणकाच्या आतील स्विच

अनेक संगणकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात, तिला स्विच म्हणतात. टपाल कचेरीत पत्रे वर्गवार लावणाऱ्या कारकुनाप्रमाणे ती काम करते. मात्र आरंभी तिच्यापाशी पत्त्यांची यादी नसते. ती यादी कशी तयार होते, हे पाहण्यासाठी आता प्रत्यक्ष पेटीची गरज उरलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली मांडलेली ‘मिनिनेट’ ही आज्ञावली लिनक्सवर चालणाऱ्या एकाच संगणकात अनेक संगणक, तारा व स्विच यांचे प्रतिरूप उभे करते. अशा साधनास इम्युलेटर म्हणतात.

प्रथम एक स्विच व तीन संगणक मांडावेत; त्यांना अ, ब, क म्हणू. ‘ओपन व्हीस्विच’ हा स्विच स्वतंत्र पद्धतीने चालवावा, म्हणजे बाहेरील नियंत्रकावाचून तो आपले निर्णय स्वतः घेतो. ‘अ’ने ‘क’चा शोध करणारी पहिली फ्रेम सोडली की ती सर्वांकडे जाते, त्याच वेळी स्विच ‘अ’चा ४८ बिटांचा पत्ता व त्याचे द्वार टिपून ठेवतो. ‘क’चे उत्तर येताच त्याचीही नोंद होते. पुढील फ्रेम थेट जातात. ‘ब’ला त्यांची वार्ताही लागत नाही. ३०० सेकंद मौन राहिलेल्याची नोंद पुसली जाते.

आता दोन स्विच दोन तारांनी जोडावेत. सर्वांना उद्देशलेली फ्रेम या वर्तुळात अखंड फिरत राहते. कारण इथरनेट फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. अशा फ्रेम साचत जाऊन जाळे गुदमरते. यावर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली ‘स्पॅनिंग ट्री’ ही रीत शोधली. तीनुसार स्विच आपापसांत एक मूळ निवडतात व जादा मार्ग रोखून धरतात. ओपन व्हीस्विचमध्ये ती आरंभी बंद असते. ती चालू करताच वादळ शमते व सुमारे अर्ध्या मिनिटाने वाहतूक एकाच मार्गाने सुरू होते. ती तार तोडली तर रोखलेला मार्ग खुला होतो.

या रीतीलाही मर्यादा आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाचे जाळे अवाजवी वाढले होते. तेथे ही रीत कोलमडली व डॉक्टरांना काही दिवस कागदावर काम करावे लागले.

इम्युलेटरमधील सर्व यंत्रे एकाच संगणकाची शक्ती वाटून घेतात. म्हणून खऱ्या स्विचचा वेग त्यावरून ठरवू नये. परंतु चूक कशी पसरते व कशी आवरते, हे तेथे निर्धास्तपणे पाहता येते. एकच संगणक असलेल्या शाळेलाही हा प्रयोग साध्य आहे.